पाच खळगे

निवृत्त होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच निरीक्षकांनी घरात मोजण्यासारखं जे काही होतं ते सगळं मोजून टाकलं. स्वयंपाकघरातला काटा सहा ग्रॅम खोटं बोलत होता, त्याला खरं बोलायला लावलं. दुधाचं माप बरोबर निघालं, त्यामुळे ते थोडे हिरमुसले. बैठकीतली तसबीर उजवीकडे अर्धा अंश कलली होती आणि न्हाणीघराच्या चौकटीला काटकोन म्हणणं हा काटकोनाचा अपमान होता. चौथ्या आठवड्यात ते व्हर्नियर घेऊन बायकोच्या चष्म्याच्या काड्यांकडे वळले, तेव्हा तिने चष्मा हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "अहो, आता काहीतरी कामाला लागा."

चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासली होती. धान्याच्या बाजारातले काटे, पेट्रोल पंप, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या. ऑफिसात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे व्हर्नियर. माणूस तसा मऊ, पण आकड्यांच्या बाबतीत पक्का खडूस. एकोणीस पूर्णांक आठ म्हणजे एकोणीस पूर्णांक आठ. वीस नव्हे. समोरचा कितीही गयावया करो, चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही कुणाच्या बाजूने आकडा सरकवला नव्हता.

काम शेवटी फोनवरून आलं. लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. तिथे म्हणे सगळे सायकलने ऑफिसला जातात, वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या रेसरवर. तिला जुन्या पोलादी रेसर आवडत होत्या, पण दुकानातल्या किमती ऐकून ती म्हणाली होती की तेवढ्यात माणसाला नवे पाय बसवून मिळतील. सात आठवड्यांनी ती दहा दिवसांसाठी घरी येणार आणि मग निघणार. निरीक्षक म्हणाले, "मी बनवतो."

पलीकडे ती हसली. "तुम्ही? सायकल?"

हे दोन शब्द त्यांना लागले, आणि लागण्याचं कारण होतं. चौदा वर्षांपूर्वी, तेरा वर्षांची असताना, पोरगी बिल्डिंगच्या मागच्या मैदानात, पाण्याच्या टाकीपाशी सायकल शिकली. निरीक्षक तेव्हा दोनशे किलोमीटरवर दौऱ्यात होते. खालच्या मजल्यावरचे टेलरकाका मशीन बंद ठेवून चार संध्याकाळी सीट धरून तिच्यामागे धावले. पाचव्या दिवशी निरीक्षक बॅग घेऊन आले तेव्हा ती एकटीच गोल गोल चकरा मारत होती आणि गॅलऱ्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. त्यांनीही बॅग खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून त्यांच्या तळहातांना झोंबत होत्या, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

टेलरकाका मात्र सगळ्यांना सांगायचे. पँटची शिलाई उसवली म्हणून त्यांच्याकडे जावं, तर तोंडात टाचण्या धरून ते सुरू व्हायचे, की साहेब, तुमच्या लेकीला दोन चाकांवर उभं केलं ते या हातांनी. ती गोष्ट सांगताना त्यांच्या छातीचं माप दोन इंच वाढतं, असं निरीक्षकांचं निरीक्षण होतं.

फोन ठेवल्यावर निरीक्षकांनी कपाटातून त्या वर्षाची दौऱ्याची डायरी काढली. पान लगेच सापडलं, कारण ते आधीही पुष्कळदा उघडलेलं होतं. 'धान्यबाजार. काटे तपासले एक्केचाळीस. खोटे तीन.' त्यांनी डायरी मिटली आणि तपकिरी पुठ्ठ्याची एक नवी वही काढली. सगळे भाग जुने घ्यायचे, आणि सगळे मिळून एका नव्या चांगल्या चाकापेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असा नियम पहिल्या पानावर लिहिला. प्रत्येक भागासाठी रकाने आखले: तारीख, कुठून आणला, वजन, माप, दोष.

फ्रेम मिळाली इस्त्रीच्या दुकानात. इस्त्रीवाल्याने ती छताला दोन दोरांनी टांगली होती आणि तिच्या आडव्या नळीवर कपड्यांचे हँगर लटकवले होते. लहान मापाची, पोलादी, हिरवट रंगाची. कुणीतरी ठेवून गेलं, न्यायला आलंच नाही, एवढंच त्याला आठवत होतं. तिच्या बदल्यात त्याला कपडे टांगायला चांगला दांडा हवा होता. निरीक्षकांनी तो स्वतः आणला, स्वतः बसवला आणि पाणसळीचा बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत इस्त्रीवाल्याला दुसरं टोक धरायला लावून अर्धा तास स्टुलावर उभं ठेवलं. फ्रेम खांद्यावर घेऊन घरी आले तेव्हा बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, "हाडं जमवायला लागलात का आता?"

पुढे तिने हे चालूच ठेवलं. काहीही आणलं की म्हणायची, आणखी एक हाड आलं.

दोन गल्ल्या सोडून उस्तादांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट, वर टायर टांगलेले, खाली उस्ताद. वय सत्तरीच्या पुढचं. आयुष्यभर फिरत्या रिमकडे एका डोळ्याने बघून दुसरा डोळा कायमचा अर्धा मिटलेला. त्यांनी फ्रेम उलटीसुलटी केली, सीटच्या नळीत बोट घातलं आणि मान हलवली. हे माप आता कुणी बनवत नाही. निरीक्षकांनी व्हर्नियर लावला: सव्वीस पूर्णांक चार मिलिमीटर. उस्ताद म्हणाले की या मापाचा दांडा शोधण्यात दोन महिने जातील, त्यापेक्षा जाडसर घेऊन कानशीने घासा. निरीक्षकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उस्तादांनी कानस खाली ठेवली.

रविवारी जुन्या बाजारात, पहिल्याच चादरीवर, दरवाजाच्या मुठी आणि नळाच्या तोट्यांमध्ये सीटचा एक दांडा पडला होता. सव्वीस पूर्णांक चार. निरीक्षकांनी तीन ठिकाणी मोजला, मग चौथ्या. नशीब म्हणतात ते हेच, असं ठरवून त्यांनी वहीत नोंद केली आणि त्या दिवशी घरी येताना शीळ वाजवली. त्यांना शीळ वाजवता येते हे बायकोला तेव्हा कळलं.

त्यानंतर नशिबाने काही त्यांचा पिच्छा सोडला नाही. वाकडं हँडल एका निवृत्त परिचारिकेच्या न्हाणीघरात सापडलं, त्यावर टॉवेल वाळत होते. पेडलची जोडी किल्ल्या बनवणाऱ्याच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवलेली होती. मागचा गिअर जुन्या बाजारातच मिळाला. पुढचं चाक, ब्रेक, चेन, सगळं असंच कुठून कुठून आलं आणि सगळं एकमेकांत बसलं. ठोकावं लागलं नाही, घासावं लागलं नाही, साधा वॉशरसुद्धा जादा घालावा लागला नाही. उस्ताद प्रत्येक वेळी नुसतं हं म्हणायचे. दोषाच्या रकान्यात मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहावी लागत होती. हँडल: उजव्या टोकाला खरचटलेलं. पेडल: उजव्याची बाहेरची कड खरचटलेली. मागचा गिअर: खरचटलेला.

सीट मिळाली एका निवृत्त पोस्टमनकडे. चामड्याची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एखाद्या जुन्या चपलेसारखी मऊ आणि काळपट. निरीक्षकांनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. वर, अगदी मागच्या बाजूला, रुपयाएवढा गुळगुळीत ठिपका होता, तो कशाचा ते काही कळलं नाही. पण मागची कड जिथे खाली वळत होती तिथे, आतल्या अंगाला, ओळीने खळगे पडले होते. बोटांचे. कुणीतरी ही सीट मागून घट्ट धरून खूप वेळा धावलं होतं. निरीक्षकांनी ते मोजले आणि वहीत लिहिलं: 'मागच्या कडेला खळगे पाच. बोटं पाच. बरोबर.' त्या अनोळखी बापाचा त्यांना उगीचच हेवा वाटला.

मागच्या चाकाला नुसता हब आणि नुसती रिम मिळाली, त्यामुळे तारा ओवण्याचं काम उस्तादांच्या दुकानात बसून करावं लागलं. निरीक्षकांनी आयुष्यात कधी चाक ओवलं नव्हतं. उस्तादांनी एक तार कशावरून जाते आणि कशाखालून येते ते दाखवलं आणि गिऱ्हाइकाकडे वळले. दोन तासांनी छत्तीस तारा जागेवर होत्या. निरीक्षकांनी चाक अभिमानाने वर धरलं. उस्तादांनी अर्ध्या डोळ्याने पाहिलं आणि खो खो हसत सुटले. व्हॉल्व्हचं भोक नेमकं दोन तारांच्या फुलीखाली आलं होतं. तिथे पंपाचं तोंड काही शिरणार नव्हतं. एक भोक चुकलं की सगळं चाक चुकतं.

"परत तेच!" उस्ताद डोळे पुसत म्हणाले. "मागच्या वेळीही असंच केलं होतंत."

"मागच्या वेळी? मी पहिल्यांदाच ओवतोय."

उस्तादांनी हात फडक्याला पुसले. निरीक्षकांच्या तोंडाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. "असेल मग दुसरं कुणी," ते म्हणाले आणि तारा सोडवायला बसले. त्यानंतर चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढून होईपर्यंत ते हसले नाहीत.

सहाव्या आठवड्यात सायकल उभी राहिली. निरीक्षक तिला जिन्यावरून उचलून खाली अंगणात घेऊन गेले. सकाळचं ऊन होतं, हिरवा रंग चांगला उजळला होता, आणि गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठून आला. वीस वर्षं तो त्या गेटवर होता. त्याने सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बऱ्याच वर्षांनी काढलीत, साहेब."

निरीक्षकांनी त्याला समजावून सांगितलं की ही जुन्या भागांची असली तरी नवी जोडलेली आहे, कालच पूर्ण झाली. वॉचमन सगळं ऐकून घेऊन म्हणाला, हो हो, नवीच वाटते. वडीलधाऱ्यांना म्हणावं तसं. निरीक्षकांना हसू आलं. बिचाऱ्याचं वय झालं, असं त्यांनी वर जाऊन बायकोला सांगितलं.

बायको सायकलीचं हँडल ओल्या फडक्याने पुसत होती. ती म्हणाली, "त्याचं कसलं वय झालंय? बरं, माळ्यावर धूळ किती होती. शिडीवरून उतरवताना तुम्हीच पडाल असं वाटलं मला."

"माळ्यावरून कुठे? फ्रेम इस्त्रीवाल्याकडून आणली. तू म्हणालीस, हाडं जमवता का."

"हाडं?" तिने कपाळाला हात लावून त्यांना ताप आहे का पाहिलं. नव्हता.

निरीक्षक नाकासमोर चालणारे गृहस्थ. शंका आली की जागेवर जाऊन तपासायचं, हा त्यांचा शिरस्ता. ते इस्त्रीच्या दुकानात गेले. दांडा तिथेच होता, त्यावर शर्ट लटकत होते. खिशातली पाणसळ लावून पाहिली, बुडबुडा मधोमध. इस्त्रीवाल्याला विचारलं, हा दांडा कुणी बसवला? तो म्हणाला की दुकान घेतलं तेव्हापासून आहे, अकरा वर्षं झाली, एकदाही वाकला नाही. ज्याने बसवला त्याला दुवा देतो, असंही म्हणाला.

घरी आल्यावर त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्या उजव्या अंगाला लांब सरळपट्टी लावली. का लावली ते त्यांना सांगता आलं नसतं. हँडलच्या टोकावरचा ओरखडा, पेडलच्या कडेवरचा ओरखडा, मागच्या गिअरवरचा ओरखडा. परिचारिका, किल्लीवाला आणि जुना बाजार. तिन्ही ओरखडे पट्टीला लागले. एका पडण्याने पडावेत तसे, एका रेषेत. तफावत शून्य.

चौतीस वर्षांत त्यांना कधी शून्य तफावत मिळाली नव्हती. त्यांनी चहा मागितला, दोन कप प्यायले आणि पँट घेऊन खाली टेलरकाकांकडे गेले.

पँटला काही झालेलं नव्हतं. निरीक्षकांनी ती काउंटरवर ठेवली आणि वाट पाहिली. टेलरकाकांनी टाचण्या तोंडात धरल्या. शिवण तपासली, ठीक आहे म्हणाले, पँट परत दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा गोष्ट आली नाही.

शेवटी निरीक्षकांनीच विषय काढला. "काका, पोरीला सायकल तुम्ही शिकवलीत ना."

टेलरकाकांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "मी? थट्टा करता काय साहेब. तुम्हीच शिकवलीत की. मी इथून बघत होतो, मशीन थांबवून. चार दिवस धावत होतात, एकदाही दम खायला थांबला नाहीत."

"तुम्ही मला पाहिलंत?"

"पाठ दिसत होती. आता पाठीवरून ओळखणार नाही का मी? तुमचे सगळे शर्ट मीच शिवतो." मग ते म्हणाले, "खरं सांगू? हेवा वाटायचा तुमचा."

ज्या माणसाने चौदा वर्षं त्या चार संध्याकाळी मिरवल्या, तो त्या इतक्या सहज परत देत होता, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. निरीक्षक पँट घेऊन जिना चढले.

डायरी कपाटात जागच्या जागी होती. पान लगेच उघडलं.

'रजा. पोरगी सायकल शिकली. टाकीपाशी पडली. उजवं कोपर, तीन टाके.'

अक्षर त्यांचंच. त्यांचा ट नेहमीसारखा शेपटी ओढणारा. शाई जुनी, मागच्या पानावर उमटलेली. त्यांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. एक्केचाळीस काटे कुठेच नव्हते. तपकिरी वही मात्र जशीच्या तशी होती: इस्त्रीवाला, परिचारिका, पोस्टमन. दोन्ही वह्या त्यांच्याच हाताच्या, दोन्ही त्यांच्या मते बिनचूक, आणि दोन्ही खऱ्या असणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लेक आली.

ती आली तीच घर डोक्यावर घेत. बॅगा दारात, चपला एक इकडे एक तिकडे, आईच्या गळ्यात पडून झालं, मग तिला भिंतीशी टेकवलेली सायकल दिसली आणि ती एकदम गप्प झाली. जवळ जाऊन तिने हिरव्या नळीवरून हात फिरवला. डोळे भरून आले होते.

"आपली सायकल," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही नवी बनवताय. बाबा, तुम्ही हीच जपून ठेवली होतीत?"

निरीक्षकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने डोळे पुसायला हात वर केला आणि बाही सरकली. उजव्या कोपराखाली पांढरट व्रण होता. जुना, कातडीत मुरलेला, तीन टाक्यांचा. बारा मिलिमीटर, नजरेनेच त्यांनी मोजला. हे पोर दोन दिवसांचं होतं तेव्हापासून ते तिला ओळखत होते. तिथे काही नव्हतं. कधीच नव्हतं.

"हा कधीचा?" त्यांनी विचारलं.

"विसरलात? तुम्हीच तर नेलंत दवाखान्यात. मी डोळे मिटून घेतले होते घट्ट. रक्त बघायचं नव्हतं मला."

मग ती सांगतच सुटली. चहा गार झाला तरी थांबेना. चार दिवस कसे रोज पाच वाजता खाली जायचे. बाबा एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त मागे श्वास ऐकू यायचा. मागे वळून पाहिलं की पडायला होईल, म्हणून ती एकदाही वळली नाही. पण सीटवर हात आहे हे तिला कळायचं, इतका घट्ट हात. "तो हात होता म्हणून मला कशाचीच भीती वाटली नाही," ती म्हणाली. "नंतरसुद्धा. परीक्षेला जाताना, पहिल्या नोकरीला जाताना. आता इतक्या लांब जातेय तर तेच डोक्यात आहे. बाबांनी धरलंय."

बायको पदराने डोळे टिपत होती. ती म्हणाली, मी खिडकीतून बघायचे.

निरीक्षक खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं, पायात बूट कुठले होते. ऑफिसचेच, ती म्हणाली, टाकीपाशच्या फरशीवर टाचा वाजायच्या. त्यांनी आणखी विचारलं, आणखी विचारलं. उपाशी माणूस जेवतो तसे ते ऐकत गेले. ही संध्याकाळ चौदा वर्षं त्यांना हवी होती, आणि आता ती कुणीतरी आयती आणून त्यांच्यापुढे ठेवली होती. फक्त नाही म्हणायचं होतं. इस्त्रीवाला, परिचारिका, पोस्टमन. वही हाताच्या अंतरावर होती.

लेकीच्या तोंडाकडे बघून त्यांनी चौतीस वर्षांत पहिल्यांदा आकडा सरकवला, आणि तो स्वतःच्या बाजूने.

"हो," ते म्हणाले. "टाकीपाशी पडलीस. आठवतंय मला."

जीव एकदम हलका झाला. एवढा सोपा असतो खोटा काटा, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. तिघं खूप हसली. संध्याकाळी पाच वाजता सायकल खाली मैदानात नेली. टाकी होती तशीच होती. टेलरकाका मशीन थांबवून गॅलरीत आले, वॉचमन गेट सोडून आला, कुणीतरी शिट्टी मारली. लेकीने चार चकरा मारल्या, केस उडत होते, गिअर घड्याळासारखे बदलत होते, आणि निरीक्षकांना वाटलं, ही मी बनवली. हे तरी खरं आहे.

ती त्यांच्यापाशी येऊन थांबली. एक पाय जमिनीवर टेकवला. धाप लागली होती, गाल लाल झाले होते.

"एकदा धरा ना," ती म्हणाली. "तेव्हासारखं. टाकीपर्यंत फक्त."

"आता कशाला?"

"जायच्या आधी एकदा."

निरीक्षक मागे गेले. त्यांच्या लक्षात आलं की सायकलची सीट मागून कशी धरतात हे त्यांना माहीतच नाही. आयुष्यात कधी धरली नव्हती. त्यांनी हात पुढे केला, आणि हाताला ते आपोआप कळलं, कारण दुसरी काही रीतच नव्हती. अंगठा वर राहिला. बोटं कडेखाली वळली.

अंगठ्याखाली तो रुपयाएवढा गुळगुळीत ठिपका आला.

लेकीने पुढे बघत पेडलवर पाय ठेवला. गॅलरीतून टेलरकाका टाळ्या वाजवायला लागले.

"धरलंत ना, बाबा?"

"धरलंय," ते म्हणाले.

ती वळून बघणार नव्हती, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी बोटांनी कड चाचपली. तर्जनी एका खळग्यात बसली. मधलं बोट दुसऱ्यात. अनामिका, करंगळी. चारही बोटं आपापल्या जागी बसली.

करंगळीच्या पलीकडे आणखी एक खळगा होता.